नोंद आहे, पण सापडत नाही: ३८९ डिरेक्टरी सर्व्हरचा डेटाबेस कमांड लाइनवरून कसा तपासायचा

डिरेक्टरी सर्व्हर पार बंद पडला तर शोध घेणं तुलनेनं सोपं असतं, कारण एरर लॉगमध्ये काहीतरी ठळक लिहिलेलं सापडतं. डोकं खाते ती वेगळीच तक्रार. बाकी सगळ्यांचं लॉगिन होतं, एकाचंच होत नाही. ॲप्लिकेशन म्हणतं की या क्रमांकाचा कर्मचारीच नाही, आणि तुम्ही ॲडमिन म्हणून त्याची नोंद उघडता तर ती समोर दिसते. एरर कुठेच नाही. अशा वेळी सर्व्हरच्या पोटात, म्हणजे बॅकएंड डेटाबेसमध्ये, डोकवावं लागतं.

हा लेख ३८९ डिरेक्टरी सर्व्हर (हा एक एलडॅप सर्व्हर आहे) नव्यानं हाताळणाऱ्यांसाठी आहे. एलडॅपचं झाड, डीएन, फिल्टर हे शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, पण डेटाबेसच्या फाइल्स कधी उघडून पाहिलेल्या नाहीत, असं मी धरून चालतो. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या

बर्कली डीबी या डेटाबेसवर चालणाऱ्या इन्स्टन्समध्ये (इन्स्टन्स म्हणजे मशीनवर चालणारा एक स्वतंत्र सर्व्हर) नोंदींचा साठा साधारणपणे /व्हार/लिब/डिरएसआरव्ही/स्लॅपडी-इन्स्टन्स/डीबी या ठिकाणी असतो. (डिरएसआरव्ही म्हणजे डी, आय, आर, एस, आर, व्ही ही सहा अक्षरं, 'इन्स्टन्स'च्या जागी तुमच्या इन्स्टन्सचं नाव.) त्यात प्रत्येक बॅकएंडची एक डिरेक्टरी असते. बहुतेक ठिकाणी तिचं नाव यूझररूट. तिच्यात शिरलात की बऱ्याच फाइल्स दिसतात: आयडी२एंट्री, एंट्रीआरडीएन, पॅरेंटआयडी, अँसेस्टरआयडी, यूआयडी, सीएन, ऑब्जेक्टक्लास वगैरे, सगळ्यांच्या शेवटी .डीबी.

दिसायला या फाइल्स एका रांगेत असल्या तरी त्यांचं वजन सारखं नाही. आयडी२एंट्रीमध्ये खऱ्या नोंदी असतात. प्रत्येक नोंदीला एक आकडी आयडी आणि त्यापुढे तिचे सगळे ॲट्रिब्यूट. बाकीच्या जवळजवळ सगळ्या फाइल्स इंडेक्स आहेत, म्हणजे 'या मूल्याची नोंद अमुक आयडीवर आहे' एवढंच सांगणाऱ्या. पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखं समजा: सूचीतून एक ओळ गळली म्हणून पानावरचा मजकूर पुसला जात नाही, पण सूची पाहून शोधणाऱ्याला तो मिळत नाही.

पुढची सगळी तपासणी याच एका प्रश्नाभोवती फिरते: नोंद गेली आहे, की नोंदीकडे जाणारी वाट गेली आहे? इंडेक्स कधीही आयडी२एंट्रीवरून पुन्हा बांधता येतो. उलटं होत नाही. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत दुरुस्तीची एकही आज्ञा चालवू नका, असा माझा आग्रह आहे. घाईघाईत जुना बॅकअप चढवून मधल्या काळातले बदल गमावणं हे मूळ बिघाडापेक्षा मोठं नुकसान असतं.

बाहेरून विचारून पाहा

डेटाबेस उघडण्याआधी सर्व्हरलाच दोन प्रश्न विचारा. समजा, एम्प्लॉयीनंबर ४१२७ असलेली व्यक्ती सापडत नाही. पहिला प्रश्न ॲप्लिकेशन विचारतं तसाच:

एलडॅपसर्च, बेस म्हणून तुमचा सफिक्स, स्कोप सब, फिल्टर (एम्प्लॉयीनंबर=४१२७)

दुसरा प्रश्न थेट त्या नोंदीच्या पत्त्यावर:

एलडॅपसर्च, बेस म्हणून त्या व्यक्तीचा पूर्ण डीएन, स्कोप बेस, फिल्टर (ऑब्जेक्टक्लास=*)

दोन्ही वेळा डिरेक्टरी मॅनेजर म्हणून बाइंड करा. त्याला एसीआयचे, म्हणजे कोणाला काय बघता येईल याचे, नियम लागू होत नाहीत, त्यामुळे 'नोंद आहे पण बघायची परवानगी नाही' ही शक्यता लगेच बाजूला पडते. डिरेक्टरी मॅनेजरला दिसतं आणि ॲप्लिकेशनच्या खात्याला दिसत नाही, तर डेटाबेसच्या वाटेला जाऊच नका. एसीआय तपासा.

दोन्ही प्रश्न डिरेक्टरी मॅनेजर म्हणूनच विचारलेत, डीएनवरून नोंद आली, तिच्यात ४१२७ हे मूल्यही दिसलं, पण फिल्टरवरून शून्य नोंदी आल्या, तर संशय एम्प्लॉयीनंबरच्या इंडेक्सवर येतो. स्कोप बेसचा शोध झाडातल्या पत्त्यावरून जातो, ॲट्रिब्यूटच्या इंडेक्सकडे तो फिरकतही नाही. डीएनवरूनही नोंद आली नाही तर प्रश्न अधिक खोल आहे. एंट्रीआरडीएन बिघडलंय किंवा नोंद खरंच नाही.

या टप्प्यावर एक गोष्ट बारकाईनं पाहा. एलडॅपसर्चच्या उत्तरात ॲट्रिब्यूटच्या नावापुढे एक कोलन आहे की दोन? दोन कोलन म्हणजे मूल्य बेस६४ मध्ये गुंडाळलेलं आहे. देवनागरी नावांच्या बाबतीत हे नेहमीचंच. पण साध्या आकड्यांच्या मूल्यापुढे दोन कोलन दिसले तर थांबा. त्यात एखादी टोकाची स्पेस किंवा न दिसणारं अक्षर शिरलेलं असू शकतं. ते मूल्य 'बेस६४ -डी' मधून उलगडा आणि 'ओडी -सी' नं एकेक बाइट बघा. एक्सेल शीटमधून आयात केलेल्या माहितीत नॉन-ब्रेकिंग स्पेस हमखास येते. तसं असेल तर इंडेक्स निर्दोष आहे, मूल्यच चुकीचं साठवलं गेलंय.

मग ॲक्सेस लॉग उघडा: /व्हार/लॉग/डिरएसआरव्ही/स्लॅपडी-इन्स्टन्स/ॲक्सेस. हा लॉग आधी मेमरीत साठून मग फाइलवर उतरतो, तेव्हा ताजी ओळ दिसली नाही तर थोडं थांबा. आपल्या शोधाची रिझल्ट ओळ सापडली की तीन गोष्टी वाचा: 'एरर=' (ई, आर, आर) पुढचा आकडा, 'एनएंट्रीज=' पुढचा आकडा, आणि ओळीच्या शेवटी 'नोट्स=' आहे का.

नोट्स=ए म्हणजे फिल्टरला इंडेक्सचा काहीच आधार मिळाला नाही, सर्व्हरनं सगळ्या नोंदी चाळल्या. नोट्स=यू म्हणजे फिल्टरचा काही भाग इंडेक्सविना राहिला. अशा शोधाला वेळ लागतो, पण उत्तर बरोबर येतं. साध्या खात्यानं मोठ्या झाडात असा शोध केला तर लुकथ्रू मर्यादा आड येते (मूळ सेटिंग ५००० नोंदींचं) आणि एरर ११ मिळतो. पण एरर=०, एनएंट्रीज=०, आणि नोट्सचा पत्ताच नाही, असं दिसलं तर तो सगळ्यात बोलका पुरावा समजा. सर्व्हरनं इंडेक्सला विचारलं, इंडेक्स 'नाही' म्हणाला, आणि सर्व्हरनं विश्वास ठेवला.

आत शिरायची तयारी

'डीएससीटीएल -एल' ही आज्ञा मशीनवरच्या इन्स्टन्सची नावं देते. 'डीएसकॉन्फ इन्स्टन्स बॅकएंड सफिक्स लिस्ट' मधून कोणता सफिक्स कोणत्या बॅकएंडमध्ये आहे ते कळतं. अनेक सफिक्स असलेल्या सर्व्हरवर चुकीच्या डिरेक्टरीत तासभर शोधत बसण्यापेक्षा ही आज्ञा आधी चालवलेली बरी.

त्यानंतर डेटाबेसचा प्रकार बघा. डीएसई.एलडीआयएफ या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एनएसस्लॅपडी-बॅकएंड-इम्प्लिमेंट अशी ओळ असते, तिच्यापुढे बीडीबी (बर्कली डीबी) किंवा एमडीबी (एलएमडीबी, त्याबद्दल शेवटी). ही फाइल वाचायला हरकत नाही. बदलायची असेल तर सर्व्हर बंद असतानाच, नाहीतर चालू सर्व्हर तुमचा बदल पुसून स्वतःचं रूप पुन्हा लिहितो.

आता सर्व्हर बंद करायचा की नाही? डीबीस्कॅन हे फक्त वाचायचं साधन म्हणून वापरलं तर चालू सर्व्हरवरही ते चालतं, पण बर्कली डीबीत ताजे बदल काही काळ मेमरीतच असू शकतात. चेकपॉइंटनंतर ते फाइलमध्ये उतरतात. म्हणजे आत्ताच केलेला बदल डीबीस्कॅनला न दिसणं हा बिघाडाचा पुरावा नाही. जुन्या नोंदीची प्राथमिक पाहणी चालू सर्व्हरवर करा. पण ज्यावरून दुरुस्तीचा निर्णय घ्यायचा ती पाहणी सर्व्हर थांबवून करा, किंवा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवून तिथे करा.

डीबी डिरेक्टरीत 'लॉग.' नं सुरू होणाऱ्या, पुढे लांबलचक आकडा असलेल्या फाइल्स दिसतील. नाव लॉग असलं तरी त्या वाचायच्या नोंदवह्या नाहीत, ट्रान्झॅक्शन लॉग आहेत. सर्व्हर अचानक पडला तर डेटाबेस सावरायला त्याच कामी येतात. डिस्क भरली म्हणून हातानं उडवायच्या फाइल्समध्ये त्यांचा नंबर कधीच लागू देऊ नका.

आणि डीबीस्कॅननं आयडी२एंट्री उघडली की पासवर्डचे हॅश, फोन नंबर, सगळं पडद्यावर येतं. डंप फाइलमध्ये काढलात तर तिची परवानगी ६०० ठेवा. मदत मागताना तो मजकूर कुठल्याही गटावर जसाच्या तसा चिकटवू नका. ज्यांची माहिती आहे त्यांनी ती आपल्यावर विश्वासून दिलेली असते.

डीबीस्कॅननं नोंद शोधणं

डीबीस्कॅन हे नाव डी, बी, एस, सी, ए, एन असं सलग लिहायचं. त्याला -एफ नं फाइल सांगावी लागते:

डीबीस्कॅन -एफ आयडी२एंट्री.डीबी

एवढंच दिलं तर सगळ्या नोंदी एकामागून एक येतात, म्हणून हे ग्रेप किंवा लेसमधून बघा. आपल्या व्यक्तीचा आयडी काढायला दुसऱ्या, चालू असलेल्या इंडेक्सची मदत घ्या. यूआयडीवरून ती व्यक्ती सापडते असं समजू:

डीबीस्कॅन -एफ यूआयडी.डीबी -के '=तिचा-यूआयडी' -आर

-के म्हणजे हीच की दाखव, आणि -आर म्हणजे त्या कीखालचे आयडीही दाखव. उत्तर आलं ४२. आता मोठ्या अक्षरातला के वापरून आयडी२एंट्रीमधून तेवढी ४२ क्रमांकाची नोंद काढा. छोटा के इंडेक्सच्या कीसाठी आणि मोठा के नोंदीच्या आयडीसाठी आहे. नवख्यांची गल्लत नेमकी इथे होते.

नोंदीत पूर्ण डीएन शोधू नका. तिथे आरडीएन, म्हणजे नावाचा फक्त स्वतःचा तुकडा, आणि पॅरेंटआयडी दिसेल. पूर्ण पत्ता एंट्रीआरडीएन या इंडेक्समधल्या साखळीतून तयार होतो. ती साखळी वाचायला अवघड नाही. सी अक्षर आणि एक आयडी अशा कीखाली त्या नोंदीची मुलं असतात, पी अक्षर आणि आयडी अशा कीखाली तिचा पालक. ४२ ची पी की नसेल, किंवा तिच्या पालकाच्या सी कीखाली ४२ नसेल, तर डीएनवरून नोंद का उघडत नव्हती ते कळलं.

अजून एक सापळा. नोंद आयडी२एंट्रीमध्ये सापडली म्हणजे ती जिवंत आहेच असं नाही. रेप्लिकेशन (एकच माहिती अनेक सर्व्हरवर जुळती ठेवणं) असलेल्या सर्व्हरवर हटवलेली नोंद लगेच नाहीशी होत नाही. ती टूम्बस्टोन होऊन राहते, आणि पर्ज होण्याची मूळ मुदत ७ दिवस, म्हणजे ६०४८०० सेकंद असते. ऑब्जेक्टक्लासमध्ये एनएसटूम्बस्टोन दिसलं तर कोणीतरी ती व्यक्ती हटवली आहे. मग शोध घ्यायचा तो ॲक्सेस लॉगमधल्या डीईएल (म्हणजे डिलीट) ओळींचा. एनएसडीएस५रेप्लकॉन्फ्लिक्ट हा ॲट्रिब्यूट दिसला तर दोन सर्व्हरवर एकाच नावाच्या दोन नोंदी जन्मल्या आणि त्यांची टक्कर झाली.

इंडेक्स वाचायला शिका

इथे थोडं रेंगाळू या. इंडेक्सच्या फाइलमधली प्रत्येक की एका चिन्हानं सुरू होते आणि त्या चिन्हावरून ती कुठल्या प्रकारच्या शोधासाठी आहे ते कळतं. '=' म्हणजे तंतोतंत जुळणी, '+' म्हणजे ॲट्रिब्यूट नुसता आहे की नाही, '*' म्हणजे मधला तुकडा, '~' म्हणजे उच्चारानं जवळपास, आणि ':' म्हणजे खास मॅचिंग रूल. यातली काही चिन्हं शेलला वेगळ्या अर्थाची वाटतात, म्हणून की नेहमी एकेरी अवतरणात द्या. शिवाय बहुतेक नावं इंडेक्समध्ये लहान अक्षरांत रूपांतरित होऊन बसतात. मोठ्या अक्षरात की दिलीत तर ती असूनही सापडणार नाही आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल.

आपल्या उदाहरणात एम्प्लॉयीनंबरवर यातल्या '=', '*' आणि '+' अशा तीन प्रकारचा इंडेक्स आहे असं धरा. ४१२७ या एका मूल्यासाठी निरोगी इंडेक्समध्ये काय काय असायला हवं?

=४१२७
*^४१
*४१२
*१२७
*२७$
+

या प्रत्येक कीखाली ४२ हा आयडी हवा. तुकड्यांच्या की तीन-तीन अक्षरांच्या असतात. '^' म्हणजे मूल्याची सुरुवात, '$' म्हणजे शेवट, आणि ही चिन्हंही त्या तीनमध्ये धरलेली असतात. चार आकडी क्रमांकाला एवढ्या की, तर लांब नावाला किती लागतील याचा अंदाज करा. सबस्ट्रिंग, म्हणजे तुकड्यांचा, इंडेक्स सरसकट लावू नये हे त्यामुळेच.

आता खरी फाइल विचारा:

डीबीस्कॅन -एफ एम्प्लॉयीनंबर.डीबी -के '=४१२७' -आर

की सापडत नाही असं उत्तर आलं, आणि नोंदीत मूल्य तर आहे. वाट गेली आहे, नोंद शाबूत आहे. पण एकाच व्यक्तीची वाट गेली की शेकडो जणांची? आयडी२एंट्रीच्या डंपवर 'ग्रेप -आयसी' चालवून एम्प्लॉयीनंबरच्या ओळी मोजा. दुसरीकडे '+' ही की -एन पर्यायासह काढा, तो आयडींची संख्या देतो. टूम्बस्टोनमुळे पहिला आकडा किंचित मोठा येऊ शकतो. पण हजारांच्या पुढे डझनभर असा फरक असेल तर इंडेक्स पूर्ण बांधलाच गेलेला नाही.

याचं नेहमीचं कारण फार साधं आहे. कोणीतरी कॉन्फिगरेशनमध्ये इंडेक्सची व्याख्या जोडली आणि रीइंडेक्स चालवायचं राहून गेलं. व्याख्या जोडल्यानंतर आलेल्या नोंदी इंडेक्समध्ये जातात, आधीच्या जात नाहीत. सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत तो अर्धवट इंडेक्स शोधासाठी वापरला जात नाही, त्यामुळे काहीच जाणवत नाही. मग कधीतरी रीस्टार्ट होतो आणि जुने लोक दिसेनासे होतात, नवे मात्र दिसतात. 'नवे सापडतात, जुने नाही' अशी तक्रार कानावर आली की आधी हेच तपासा.

शोध हळू चालण्याच्या तक्रारीत मोठं जी अक्षर उपयोगी पडतं. त्यापुढे आकडा दिला की त्याहून जास्त आयडी असलेल्या कीच तेवढ्या दिसतात. एखाद्या कीखाली जवळजवळ सगळं झाड असेल तर ती की कुठल्याच शोधाला मदत करत नाही.

दुरुस्ती

रीइंडेक्स चालू सर्व्हरवरही करता येतं:

डीएसकॉन्फ इन्स्टन्स बॅकएंड इंडेक्स रीइंडेक्स --ॲटर एम्प्लॉयीनंबर --वेट यूझररूट

(ॲटर म्हणजे ए, टी, टी, आर.) काम चालू असताना त्या ॲट्रिब्यूटवरचे शोध इंडेक्सविना होतात, म्हणून गर्दीची वेळ टाळा. सर्व्हर बंदच ठेवायचा असेल तर 'डीएससीटीएल इन्स्टन्स डीबी२इंडेक्स यूझररूट --ॲटर एम्प्लॉयीनंबर'. झालं की पुन्हा तीच '=४१२७' ची की विचारा, खाली ४२ आला का बघा, आणि ॲप्लिकेशनच्या खात्यानं तोच शोध करून एनएंट्रीज=१ मिळतं का ते ॲक्सेस लॉगमध्ये पाहा. काढलेले डंप लगेच पुसून टाका.

एकापेक्षा जास्त इंडेक्स बिघडलेले दिसले, किंवा एंट्रीआरडीएनच तुटलेलं असलं, तर आधी कारण शोधा. डिस्क भरली होती का, ते 'डीएफ' सांगेल. कोणी फाइल्स रूट म्हणून कॉपी करून ठेवल्या का, ते 'एलएस -एल' मध्ये दिसेल. मालक डिरएसआरव्ही हवा. एरर लॉगमध्ये मागच्या वेळी सर्व्हर अव्यवस्थित बंद झाल्याचा आणि रिकव्हरी चालू असल्याचा संदेश असला तर घाबरू नका, ती आपोआप होते. फक्त ती पूर्ण होऊ द्या, मध्येच सर्व्हर मारू नका. 'डीएससीटीएल इन्स्टन्स डीबीव्हेरिफाय यूझररूट' सर्व्हर थांबवून चालवलं तर फाइल्सची रचना शाबूत आहे का ते कळतं. पण ती आज्ञा रचना तपासते. इंडेक्समधून गळलेला ४२ तिला कळणार नाही.

एलएमडीबी असलेल्या नव्या इन्स्टन्समध्ये वेगवेगळ्या .डीबी फाइल्स नसतात, सगळं एका डेटा.एमडीबीमध्ये असतं. तिथे डीबीस्कॅनला मोठ्या डी पुढे एमडीबी सांगायचं आणि मोठ्या एल पुढे डीबी डिरेक्टरी दिली की आतल्या डेटाबेसची यादी मिळते. त्या यादीतली नावं -एफ ला द्यायची. की वाचायची रीत तीच. एक वेगळी काळजी म्हणजे डेटाबेसच्या कमाल आकाराची मर्यादा आधीच ठरलेली असते. ती भरली की डिस्कवर जागा असूनही लिहिणं अडतं.

आयडी२एंट्रीच खराब असेल तर मात्र रीइंडेक्सचा उपयोग नाही. रेप्लिकेशन असेल तर दुसऱ्या निरोगी सर्व्हरवरून हा पुन्हा इनिशियलाइझ करणं हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग, असं माझं स्पष्ट मत आहे. एकटाच सर्व्हर असेल तर बॅकअपकडे वळावं लागतं, आणि इथे दोन प्रकारांतला फरक महत्त्वाचा ठरतो. डीबी२बॅक (बॅक म्हणजे बी, ए, के) फाइल्स जशाच्या तशा उचलतं, म्हणजे बिघडलेला इंडेक्सही बॅकअपमध्ये जातो. डीबी२एलडीआयएफ नोंदी मजकुराच्या रूपात बाहेर काढतं आणि एलडीआयएफ२डीबी त्या आत घेताना सगळे इंडेक्स नव्यानं बांधतं. मात्र एलडीआयएफ२डीबी आधी तो बॅकएंड पूर्ण रिकामा करतं. म्हणून चालवण्याआधी खराब डीबी डिरेक्टरीची प्रत बाजूला ठेवा, आणि एलडीआयएफ फाइलमधल्या 'डीएन:' नं सुरू होणाऱ्या ओळी मोजून तो आकडा अपेक्षित नोंदींशी ताडून पाहा. रेप्लिकेशनमधल्या सर्व्हरचं एलडीआयएफ काढताना --रेप्लिकेशन हा पर्याय विसरू नका. त्याशिवाय काढलेल्या फाइलमध्ये रेप्लिकेशनची स्थिती येत नाही, आणि ती चढवली की इतर सर्व्हरशी पुन्हा जुळवून घ्यायला हा सर्व्हर शून्यापासून इनिशियलाइझ करावा लागतो.